दोन्ही ठेवा

१

आमच्या घरात पासवर्ड सांभाळायचं काम फक्त माझ्याकडे. बायकोला, स्मिताला, कुठलाही पासवर्ड विचारा, ती म्हणणार, "तुमचं डोकं आहे ना त्यासाठी." आता माझं डोकं म्हणजे काय, तर एक फाईल. पासवर्ड मॅनेजर म्हणतात तिला. कुलूपबंद फाईल, आत बँक, व्हिसा, रेसिडेंट आयडी, पोरीच्या शाळेचं पोर्टल, पुलगावच्या घराचं विजेचं बिल, सगळ्यांचे पासवर्ड आणि शेजारी माझे शेरे. फाईल उघडायला एकच मोठा पासवर्ड, तो मी कुठेही लिहिलेला नाही.

लोक अशी फाईल इंटरनेटवर ठेवतात. मी नाही ठेवत. आपल्या चाव्या परक्याच्या खुंटीला कशाला टांगायच्या? माझी एक प्रत हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, दुसरी फोनवर. संध्याकाळी घरात पाय ठेवला की फोन घरचं वायफाय पकडतो, दोन्ही प्रती ताडून बघतो, आणि नवी असेल ती जुनीच्या जागी जाऊन बसते. दोन्हीकडे फेरफार झाला असेल तरच मला विचारतो, कोणती ठेवू?

हा चिकटपणा बाबांचा. माझे बाबा, किसनराव, आयुष्यभर एका गोदामाचे स्टोअरकीपर. घरी कुठल्या कुठल्या गंजक्या चाव्यांची डबी भरून ठेवलेली. आई फेकायला निघाली की म्हणायचे, "चावी फेकाची नाही. कुलूप कुठून निघून येईन, सांगता येत नाही."

त्या फाईलीत एक नोंद होती, 'दार' नावाची. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत एक जण एसी दुरुस्तीवाला म्हणून आला आणि खालच्या मजल्यावरच्या एकट्या मुलीनं दार उघडलं. नशीब, घरातल्या वस्तूंवरच भागलं. आमची श्रावस्ती नऊ वर्षांची. दोन वाजता शाळेची बस तिला सोडते, मी येतो साडेचारला, स्मिता तिच्या क्लिनिकच्या लॅबमधून पाचनंतर. मधले अडीच तास पोरगी एकटी. म्हणून मी नियम केला. आत आली की वरची कडी लावायची. बाहेरच्यानं ठरलेला शब्द सांगितला तरच काढायची. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पोहे खाताना आम्ही शब्द बदलायचो. सांडगे, झुनका, गोळाभात. शब्द ती निवडणार, मी फाईलीत लिहिणार.

"मम्मीचा आवाज आला तरी नाही?" तिनं विचारलं होतं.

"तरी नाही."

"अँड युवर व्हॉइस?"

"माझा आला तरी नाही. आवाज कोणीही काढते. मी ओरडलो, रडलो, तरी शब्द चुकला की कडी काढायची नाही."

मग मी स्वतः बाहेर उभं राहून परीक्षा घेतली. चुकीचे शब्द सांगितले, रागावलो, पोट दुखतंय म्हणालो. तिनं दार उघडलं नाही. आत आल्यावर मी तिला शाब्बास म्हणालो. माझ्या तोंडून शाब्बास फार क्वचित निघतं, त्यामुळे ते तिच्या लक्षात राहिलं असावं.

२

मार्चमधला मंगळवार. कंपनीची बस मला अस्करच्या वर्कशॉपमधून आणून जुन्या बाजाराच्या वेशीशी, बाब अल बहरीनपाशी सोडते. तिथून कापडवाल्यांच्या गल्लीतून चालत पाच मिनिटं, मग तीन जिने. घरात शिरलो, बूट काढतोय तोच फोन वाजला. दोन्ही प्रतींमध्ये फेरफार झाला आहे.

फोनवरचा फेरफार माझाच. येताना बसमध्ये बँकेचा पासवर्ड बदलला होता. पण कॉम्प्युटरला सोमवारपासून कोणी हात लावलेला नव्हता.

खाली तीन बटणं होती. फोनवरची ठेवा, कॉम्प्युटरवरची ठेवा, दोन्ही ठेवा. कुणी शहाण्यानं आधी तपासलं असतं. मी बाबांचा मुलगा. दोन्ही ठेवा दाबलं आणि चहा टाकायला गेलो.

चहा घेऊन कॉम्प्युटरवरची प्रत उघडली. एकच फरक होता. शाळेच्या पोर्टलच्या नोंदीखाली नवा शेरा: "टीचरचा फोन. फळ्यावरचं दिसत नाही. डोळे दाखवणे. — सु." वेळ, मंगळवार, सकाळी अकरा वीस.

मी शेरे असेच लिहितो. तुटक, आणि शेवटी रेघ मारून सु. सुजीतचा सु. पण अकरा वीसला मी अस्करला वर्कशॉपमध्ये एक प्रेशर गेज खोलून बसलो होतो. फोन गेटवरच्या लॉकरमध्ये, कारण आत न्यायची परवानगीच नाही. आणि घरात त्या वेळी कोणीही नसतं.

"स्मिता, तू कॉम्प्युटरवर काही लिहिलंस का?" ती कामावरून आल्यावर मी विचारलं.

"मला पासवर्ड माहीत आहे का तुमचा?" ती कुकरची शिटी काढत म्हणाली. "आणि हे पाहा, डोळ्यांच्या डॉक्टरचं तेवढं लक्षात ठेवा. सकाळी फोनवर मोठ्या काळजीनं बोलले, आता विसरून जासाल."

मी सकाळी तिला फोन केला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी बसमध्ये नावेदला सांगितलं. नावेद रत्नागिरीचा, सलमाबादला राहतो, कंपनीचे कॉम्प्युटर बघतो. माणूस हुशार, पण कुठलीही गोष्ट मिटवायची भारी घाई.

"घड्याळ चुकलं असेल कॉम्प्युटरचं," तो म्हणाला. "तूच कधीतरी लिहिलंस, विसरलास. दोन प्रती ठेवल्या की असा घोळ होतोच. यल्ला, एक उडव. खलास."

"कोणती?"

"जुनी. आणखी कोणती?"

पटलं मला. माणूस विसरतो. स्मिताही कुठल्या दिवसाचं कुठल्या दिवशी सांगते. तरी जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन फोन काढला आणि शाळेत लावला. टीचर गोड आवाजात म्हणाल्या, काल अकरा वाजता आपलं सविस्तर बोलणं झालं की सर, याच नंबरवर. फोनमध्ये तसा कॉल कुठेच नव्हता. मी थँक्यू म्हणून ठेवून दिला. दुसरं काय म्हणणार होतो?

श्रावस्तीचे डोळे तपासले. डाव्या डोळ्याला नंबर निघाला. शेरा बरोबर होता.

प्रत मी उडवली नाही. हात धजेना.

४

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. कामावरून यायचो तर कॉम्प्युटरसमोरची खुर्ची बाहेर ओढलेली. बसलो तर गरम. उन्हाची म्हणावी, तर त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही. मोरीत माझा कप विसळून उपडा घातलेला. मी कप कधी विसळत नाही, स्मिताची जन्माची तक्रार आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या महमुदाभाभी श्रीवर्धनच्या. वयानं मोठ्या, दिवसभर दार उघडं टाकून भाजी निवडत बसतात. एक दिवस मी जिना चढून आलो तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं.

"अगो बाय! सुजीतभाय, तुमी आत्ताच तं आत गेलात ना? खुबूस घेऊन?"

"नाही भाभी, आत्ता येतोय."

"मंग माजे डोळे गेले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पण त्या भाजी निवडायच्या थांबल्या, आणि दार त्यांनी लोटून घेतलं. आमच्या ओट्यावर खुबूसची पिशवी होती. आतली रोटी अजून ऊन होती.

त्या शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरात दाढी करत होतो. स्मिता स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती. हॉलमधून कीबोर्डचा आवाज यायला लागला. टक्. टक्टक्. टक्.

माझ्या उजव्या हाताची तर्जनी चार वर्षांपूर्वी व्हॉल्व्हमध्ये चेचली, तेव्हापासून ती वळत नाही. मी मधल्या बोटानं टाईप करतो, अडखळत. ऑफिसात पोरं नक्कल करतात त्याची. तोच आवाज. मी आरशात बघत उभा होतो, वस्तरा हातात, आणि माझं टाईप करणं ऐकत होतो.

तसाच बाहेर धावलो. खुर्ची रिकामी, पण हळूहळू फिरत होती. पडद्यावर फाईल उघडी. श्रावस्ती खाली फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. हातात माझा लाल पेन. कामाचा पेन आहे तो, त्याला हात लावलेला मला खपत नाही.

"इथं कोण बसलं होतं?"

"यू." तिनं मान वर केली आणि खुदखुदली. "पप्पा, देअर इज सोप ऑन युवर फेस!"

"तो पेन कुणी दिला तुला?"

तिचं हसू मावळलं. "यू सेड आय कॅन," ती पुटपुटली आणि पेन पाठीमागे लपवला.

स्मिता पोह्यांची ताटली घेऊन आली. "काय झालं? चेहरा का असा पांढरा पडला तुमचा?"

"साबण आहे," मी म्हणालो.

५

उघड्या फाईलीत तो नवा शेरा होता. 'दार'च्या नोंदीखाली. "पोरीवर ओरडू नये. ती घाबरते, मग खोटं बोलते. — सु."

खरं सांगतो, मला भूतबित काही वाटत नव्हतं. आमच्या घरात ते चालत नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अकरावी-बारावी केलेला माणूस मी. कारण शोधायचं, हे माझ्या हाडात आहे. मी शोधलंही. खिडक्या तपासल्या. दाराचं कुलूप बदललं. फाईलीचा मोठा पासवर्ड बदलला. दोन दिवसांत कॉम्प्युटरवरची प्रत त्याच नव्या पासवर्डनं उघडून पुन्हा मिटलेली होती. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं का, हाही विचार केला.

भीती वेगळीच होती. त्या महिन्यात आमचं घर सुखात होतं. नळ गळायचा थांबला होता. स्मिता भांडी घासताना गुणगुणायची. श्रावस्ती जेवताना सांगायची, दुपारी पप्पांनी गणित कसं शिकवलं, पप्पांनी अस्करच्या समुद्रातल्या मासेवाल्याची गोष्ट कशी सांगितली. मला ती गोष्ट माहीत नव्हती. मी दुपारी घरी नव्हतो. आणि मी आलो की पोरगी जरा अंग चोरून बसायची, आज पप्पा कसे आहेत याचा अंदाज घेत. माझ्याच पोटची पोर, माझ्यापेक्षा त्याच्यापाशी खुश होती. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी फोन काढला आणि दोन्ही प्रतींचं ताडून बघणं बंदच करून टाकलं. माझं मी, त्याचं तो. बघू किती दिवस टिकतो.

पुढचा शुक्रवार शांत गेला. आम्ही पोहे खाल्ले. श्रावस्तीनं 'अंबाडी' शब्द निवडला. मी तो फक्त फोनवर लिहिला.

६

चूक तिथेच झाली. हे मला चार दिवसांत कळलं.

"अहो, डबा का भरून घेता? आज कंपनीचं जेवण आहे ना?" स्मिता म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. काल."

शाळेच्या बसची वेळ बदलली होती, मला माहीत नव्हतं. स्मिताची ड्युटी बदलली होती, ती मी कबूल केली होती म्हणे. घरातलं बोलणं माझ्याशिवाय पुढे चाललं होतं आणि मी मधूनच येऊन मागचंच विचारत होतो. स्मिता आधी हसायची, मग वैतागायची. "हे आपलं बोलून झालं आहे," ती म्हणायची. शेवटी नुसती माझ्याकडे बघायला लागली. घरात एखादा पाहुणा जास्त दिवस राहिला की आपण बघतो ना, तसं.

बुधवारी मी गेटवरून पुलगावला आईला फोन लावला. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख विचारायची होती.

"काऊन रे बाबू?" आई म्हणाली. "ऑपरेशन झालं ना परवा. आत्ता तं बोलला तू माह्याशी, अर्धा घंटा. इसरला का?"

"आई, मी नाही बोललो."

ती अगदी सावध, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "कोन बोलून राह्यलं?"

मी फोन ठेवला. लॉकरला टेकून खाली बसलो. लॉकरवाला रावजी म्हणाला, पाणी देऊ का? मी त्याला सुद्धा विचारलं, "मला ओळखतोस ना?" तो हसला. "काय साहेब, रोजचे तुम्ही."

तेवढ्यानं मला रडू आलं.

७

गुरुवारी वर्कशॉपची लाईन बंद पडली आणि साहेबांनी दुपारीच सोडलं. नावेद कंपनीच्या पिकअपमधून सलमाबादला निघाला होता, त्यानं मला बाब अल बहरीनपर्यंत आणलं.

"आज उडवतो," मी त्याला म्हणालो. "कॉम्प्युटरवरची प्रत. आज एकच ठेवतो."

"इंशाल्ला," तो म्हणाला. "महिन्यापूर्वी सांगितलं होतं तुला."

तीन जिने चढलो तेव्हा अडीच वाजले होते. महमुदाभाभींचं दार बंद होतं. दुपारच्या वेळी ते बंद असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या दाराला कान लावला. आत ऐकू आलं, टक्. टक्टक्. टक्. आणि त्याच्या शेजारीच श्रावस्तीचा आवाज, काहीतरी वाचून दाखवत होती.

मी चावी फिरवली. कुलूप उघडलं, दार हललं नाही. वरची कडी लावलेली होती.

"श्रावस्ती! दार उघड. पप्पा आहे."

टाईप करायचं थांबलं. तिची पावलं दारापाशी आली.

"वर्ड?"

"अंबाडी."

तिचा श्वास मला ऐकू येत होता, फळीच्या पलीकडे, माझ्या पोटाच्या उंचीवर.

"दॅट्स द ओल्ड वन," ती म्हणाली.

"अगं, आज गुरुवार आहे. शब्द शुक्रवारी बदलतो आपण. या आठवड्याचा अंबाडीच आहे. तूच निवडला ना?"

"पप्पा चेंज्ड इट." तिचा आवाज बारीक झाला होता. "टुडे."

"बाळा, मीच पप्पा आहे. माझा आवाज ओळखत नाहीस का? कडी काढ. तुझ्याजवळ आहे तो पप्पा नाही, ऐक माझं. तू इकडे ये, माझ्याकडे ये."

"ही सेड समवन विल कम. ही सेड ही विल से द ओल्ड वन." तिला रडू येत होतं, पण ती रडत नव्हती. "अँड ही विल साउंड लाइक यू."

मग मी ओरडलो. दारावर मुठी मारल्या. शेवटी रडलोही, ते सांगायला लाज कसली. खालच्या कापडवाल्याच्या दुकानातून कोणीतरी वर डोकावून गेलं. कडी हलली नाही.

खिशात फोन थरथरला. दारातून घरचं वायफाय येतं, इतक्या जवळ होतो मी. बंद केलेलं ताडून बघणं आपोआप चालू झालं होतं. फोनवर लिहिलं होतं: ही प्रत जुनी आहे. काढून टाकत आहे. खाली या वेळी एकही बटण नव्हतं.

मी जिन्यावरच पालथा झोपलो आणि गाल फरशीला टेकवून दाराखालच्या फटीतून आत पाहिलं. श्रावस्तीचे पांढरे शाळेचे मोजे दिसले, एकमेकांना घट्ट चिकटवलेले. तिच्यामागे, अगदी जवळ, माझ्या घरातल्या निळ्या रबरी चपला. डाव्या चपलेचा पट्टा मीच तारेनं बांधला होता. त्या चपलांत पाय होते. मी बघत असताना डाव्या पायाची बोटं उचलली गेली आणि पुन्हा टेकली, मी दारापाशी कुणाची तरी वाट बघत उभा असलो की उचलतो तशी.

"ही क्राइड अँड शाउटेड," श्रावस्ती हळूच म्हणाली. "आय डिडन्ट ओपन."

"शाब्बास," आतून माझा आवाज म्हणाला.

पांढरे मोजे सैल झाले. ती खुदकन हसली. मी शिकवलं होतं, अगदी तसंच केलं पोरीनं. कडी काढली नाही.